रायफल निवडायची तर आधी नळी साफ करायचा गज कुठनं जातो ते बघा

मंडळी, मागंपर्यंत ऐकू येतंय ना? मग माईक राहू दे. आज जागा कमी पडली, खिडकीत बसलेल्या पोरांनी जरा सावरून बसा. साडेसातला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय, हे अध्यक्षांनी मला तीनदा सांगितलंय, म्हणून डायरेक्ट विषयालाच हात घालतो.

फळ्यावर लिहिलंय ते असं, आवडती लिव्हर-ॲक्शन पॉइंट टू-टू रायफल कुठली निवडावी. लिव्हर-ॲक्शन म्हणजे दांडा ओढून काडतूस भरायची, पॉइंट टू-टू म्हणजे नळीचं माप, इंचाचे बावीस शतांश. आमच्या गल्लीतल्या एकानं सकाळीच विचारलं, इथं कुणाला मिळणार आहे ती? बरोबर आहे. आर्म्स ॲक्ट १९५९ चा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडं दोनच बंदुका, परदेशातनं मागवायला साध्या माणसाला बंदी, आणि शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदच. पण घड्याळ्याच्या दुकानासमोर आपण उभं राहतो ते काय विकत घ्यायलाच? चांगलं मशीन कसं असतं हे बघायला पण माणूस उभा राहतो की. मी इथं बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, मधली चौदा वर्षं अमेरिकेत ओहायोत एका मशीन शॉपमध्ये, त्यामुळं मला रायफल दिसते ती आधी मशीन म्हणूनच.

बंदूक इथं आणता येत नाही, म्हणून हे प्लायवूडचं केलंय. चौपट मोठं आहे, फक्त आतली ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची-काढायची यंत्रणा, नळी नाही की दस्ता नाही. लिव्हर म्हणजे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ, पलीकडच्या कन्नड शाळेत सन्ने म्हणतात. बोअरिंगचा दांडा आपण खाली-वर करतो तसंच. हा कडीसारखा दांडा खाली ओढला की नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागं जातो, मागं जाताना काडतुसाची रिकामी केस, म्हणजे धातूचं नळकांडं, चेंबरमधनं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेतनं, ओढून बाहेर फेकतो, आणि घोड्याला पण मागं झोपवतो. तेवढ्यात नळीखालच्या ट्यूबमधनं स्प्रिंगनं एक काडतूस मागं येतं, हा पाळणा ते वर उचलतो. दांडा वर, काडतूस आत, बोल्ट लॉक. एका हाताच्या एका हालचालीत पाच कामं, आणि उजव्या हाताची बोटं दांड्यातनं बाहेर पण येत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसानं हे कागदावर पेन्सिलीनं काढलं असेल, कॅड नाही, कॅल्क्युलेटर नाही. मी हे प्लायवूडमध्ये कापायला बसलो तर तीन रविवार गेले आणि पहिला पाळणा अडकलाच.

आता रिमफायर, पॉइंट टू-टूचं काडतूस ज्या जातीचं ती. दिवाळीतल्या टिकल्या आठवा. मोठ्या काडतुसात मागच्या बाजूला मधोमध टिकलीसारखी कॅप बसवलेली असते, पिन बरोबर मध्ये आपटते. रिमफायरमध्ये वेगळी कॅप नाही, केसच्या बुडाला जी दुमडलेली कड असते त्या कडेच्या पोकळीतच मसाला भरलेला, पिन कडेवर आपटते, कड चेपली की पेट घेते. कड चेपायची म्हणजे पत्रा पातळ ठेवावा लागतो, पत्रा पातळ म्हणजे आत दाब जास्त चालत नाही, म्हणून रिमफायर लहानच राहिली. एकदा उडाली की केस टाकून द्यायची, परत भरता येत नाही. आवाज कमी, खांद्याला धक्का जवळजवळ नाही. पण लहान म्हणून हलकी समजू नका, शिसं चाळीस ग्रेनचं, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडं वर, आणि वर तोंड करून सुटलं तर दीड मैलापर्यंत जातं, तिकडं काडतुसाच्या डब्यावरच तसं छापलेलं असतं.

एक तारीख सांगतो, मला ती फार आवडते. १८५७. इकडं चरबीच्या काडतुसावरनं पलटणी पेटल्या, ते काडतूस कागदाचं, दातानं फाडायचं. त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं धातूच्या केसचं पॉइंट टू-टू शॉर्ट काडतूस बाजारात आणलं, ओलं होत नाही, फाडायला लागत नाही, चरबीचा प्रश्नच नाही. तीन वर्षांनी १८६० मध्ये बेंजामिन टायलर हेन्रीनं लिव्हरच्या रायफलचं पेटंट घेतलं, ट्यूबमध्ये सोळा काडतुसं, आणि ती पण पॉइंट फोर-फोर रिमफायरच. म्हणजे लिव्हर आणि रिमफायर ही जोडी नंतर कुणी जुळवलेली नाही, पहिली नीट चाललेली लिव्हर रायफल रिमफायरचीच होती. विंचेस्टर कंपनी आपल्या रिमफायर काडतुसाच्या बुडावर H अक्षर मारत आली ते या हेन्रीच्या आठवणीचं.

आणि १८५७ चा विषय निघालाच आहे तर, आपल्या भागात तेव्हा काय चाललं होतं? इंग्रजांनी हुकूम काढला, हत्यारं जमा करा. मुधोळजवळ हलगलीच्या बेडरांनी सांगितलं, देत नाही. पुढच्या वर्षी नरगुंदचे बाबासाहेब उठले, त्यांना जून १८५८ मध्ये आपल्या बेळगावातच फाशी दिलं. तर हत्यार जमा करणं हा शब्द आपल्याकडं जुना आहे. माझ्या आज्ज्याला तो शब्द फार लागायचा. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला कुठली रायफल का आवडते ते कळणार नाही, म्हणून पाच मिनिटं घेतो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वरच्या अंगाला. भात, नाचणी, थोडा काजू. कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, जूनला भिंतीला जी ओल चढते ती दसऱ्याशिवाय उतरत नाही. आज्ज्याकडं लायसन्सची ब्रनोची पॉइंट टू-टू होती, चेकोस्लोव्हाकियात बनलेली, बोल्ट-ॲक्शन, १९६० च्या पुढंमागं सेकंडहँड घेतलेली. शेत राखणीसाठी. पॉइंट टू-टूनं रानडुकराला काय होत नाही, आणि आज्ज्यानं कधी डुकरावर ती चालवली पण नाही. माळ्यावर बसायचा, एक बार वर नाही, खाली बांधाच्या मातीत मारायचा, आवाजाला डुकरं पळायची. मी विचारलं वर का नाही मारत, तर म्हणाला, "वर गेलेलं खाली येतंयच, कुणाच्या डोक्यावर येईल ते तुला ठाऊक हाय काय?"

त्या रायफलीची निगा बघायला पाहिजे होती. पावसाळ्यात दर चार दिवसांनी, बार काढलेला असो नसो, चुलीपासनं लांब पाट मांडून बसायचा. बोल्ट मागं ओढून काढून ठेवायचा पाटावर. मग मागनं, चेंबरच्या बाजूनं, गज घालायचा, त्याला आज्जीच्या जुन्या फलालीनचा तुकडा, शिवणयंत्राचं तेल एक थेंब. गज पुढच्या तोंडातनं बाहेर आला की तुकडा काढून टाकायचा आणि मोकळा गज मागं घ्यायचा. एकदा मी पोरगट घाईनं पुढनं, तोंडाकडनं गज घालायला गेलो तर हातावर फटका बसला. "पोरा, गोळीनं शेवटी ज्याला हात लावायचा ती ही कड. ही कड सरळ तर गोळी सरळ. हिला गज घासलास तर मग डोळे फुटल्यागत मारंल ती." मी सातवीत होतो. पुढं लेथवर बसलो तेव्हा कळलं, बॅरलच्या तोंडाची ती कड म्हणजे क्राउन, आणि तिथं एका बाजूनं केसभर झिजलं तरी मागचा वायू एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला कलता धक्का देतो. आज्जा शाळेत चौथीपर्यंत.

१९९१ ची लोकसभा. नियमाप्रमाणं बंदुका ठाण्यात जमा. कुठलं ठाणं ते सांगत नाही, त्यातली माणसं आता कोण कुठं. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली, उरलेल्या फेऱ्या जूनवर गेल्या, तोपर्यंत वर घाटात पाऊस लागला. निकाल लागले, सरकार आलं, आज्जा जुलैमध्ये एसटीनं गेला तर साहेब रजेवर. ऑगस्टमध्ये गेला तर कागद बेळगावला गेलाय. प्रत्येक वेळी छत्री, पावतीची प्लास्टिकची पिशवी, आणि दिवसाची मजुरी बुडवून. गणपतीनंतर एकदाची दिली. बारदानात गुंडाळून, ओल्या फरशीवर, चाळीसेक बंदुकांच्या ढिगात पडलेली.

रायफल वरनं गंजली होती त्याचं आज्ज्याला एवढं वाटलं नाही, वरचा गंज जातो. तिथला एक शिपाई, माणूस चांगला, आज्ज्याला ओळखणारा, त्याला वाईट वाटलं असणार म्हणून परत द्यायच्या आधी त्यानं साफ करून ठेवली होती. बोल्ट कसा काढायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. लोखंडी सळीला पॉलिश पेपर गुंडाळून त्यानं पुढनं, तोंडाकडनं, खसाखसा घासली होती. आज्ज्यानं ठाण्याच्या पायरीवरच बोल्ट काढला, नळी आभाळाकडं धरून बघितली, आणि काय बोलला नाही. शिपाई कन्नडमध्ये विचारतोय, अज्जा, स्वच्छ आयितल्ल? म्हणजे झाली ना? आज्जा म्हणाला, होय, आयितु, झाली. एवढंच.

घरी येऊन पन्नास पावलांवर बांधाला करवंटी ठेवली. आधी दहात नऊ लागायच्या. त्या दिवशी दहात दोन. परत दहा मारल्या, तीन. मी तेव्हा उद्यमबागेत नवा नवा टर्नर, मी म्हटलं आज्जा, अर्धा इंच कापून तोंड परत फिरवून देतो, लेथवर अर्ध्या तासाचं काम. पण कायद्यानं बंदुकीची दुरुस्ती करायला पण लायसन्स लागतं, ज्याच्याकडं ते आहे तोच हात लावणार. तसा एक दुकानदार शोधला, त्यानं ठेवून घेतली, चार महिन्यांनी तशीच परत दिली. आज्ज्यानं पुढच्या वर्षी लायसन्स रिन्यूच केलं नाही, रायफल जमा करून टाकली. म्हणाला, वाकडं मारणारं हत्यार घरात ठेवायचं नाही. १९९४ ला गेला तो. मला अजून त्या पायरीवरचा तो "आयितु" ऐकू येतो, आणि अजून राग येतो, शिपायावर नाही, ती चार महिने फरशीवर पडू देणाऱ्या कारभारावर.

अध्यक्ष घड्याळ दाखवायलेत. वीस मिनिटं आहेत? पंधरा. बरं.

ओहायोत ग्रीन कार्ड झाल्यावर शेजारच्या ग्राइंडिंग मशीनवरचा एक म्हातारा मला रेंजवर घेऊन गेला. त्याच्याकडं लिव्हरच्या रायफली होत्या. लिव्हर हातात आली, चालवली, मजा आली, पण माझ्या डोक्यात आज्ज्याचा पाट. मी त्याला विचारलं, बोल्ट मागनं कसा काढायचा? कारण बघा इथं मॉडेलमध्ये, लिव्हरच्या रायफलीत बोल्टच्या मागं घोडा आणि लोखंडाची पेटी बंद असते. ब्रनोसारखा बोल्ट मागं ओढून काढता येत नाही. मग गज घालायचा कुठनं? तोंडाकडनं! जगात लाखो माणसं लिव्हरच्या रायफली तोंडाकडनंच घासतात. पॉइंट टू-टूची नळी गोळ्यांनी कमी आणि गजानं जास्त मरते हे तिकडचे जुने बंदूकवाले पण कबूल करतात.

म्हातारा हसला, कपाटातनं मार्लिन कंपनीची एक थर्टी-नाइन-ए काढली, रिकामी आहे का बघितलं, मला दाखवलं. खिशातनं पाव डॉलरचं नाणं काढलं. पेटीच्या उजव्या बाजूला एक मोठ्या डोक्याचा खाचेचा स्क्रू आहे, घोडा मागं केला, नाण्यानं स्क्रू सैल केला, पुढं बोटानं फिरवला, तळहातानं हलकी थाप मारली आणि रायफलीचे दोन भाग. दस्ता एका हातात, नळी दुसऱ्या हातात, बोल्ट सरकवून बाहेर. मागनं नळी उघडी, सरळ गज घाला. आत इजेक्टर, म्हणजे रिकामी केस बाहेर फेकणारा तुकडा, गजाला आडवा येतो म्हणून तो दाबून अडकवून ठेवायची पण सोय. मला तिथंच पाट आठवला, फलालीन आठवलं. म्हातारा विचारतोय काय झालं, मला सांगता येईना.

मागनं फौजी काका हात वर करायलेत. हां, पुल-थ्रू. बरोबर आहे काका, तुमच्या पलटणीच्या मराठा सेंटरात आयुष्यभर पुल-थ्रूच मारला तुम्ही. दोरी मागनं टाकायची, पुढनं ओढायची, लिव्हरला पण ते चालतं, रोजच्या साफसफाईला बेस्ट. पण चिंधी मध्ये अडकली, दोरी तुटली, किंवा केस चेंबरमध्ये चिकटली तर? तेव्हा गजच लागतो, आणि तो मागनं गेला तर बरं. माझं एवढंच म्हणणं आहे.

आता ज्याच्यासाठी बोलावलं ते पटापट.

मार्लिन. घराणं १८९१ चं, एल. एल. हेपबर्न म्हणून डिझायनर, त्याची मार्लिन १८९१. ॲनी ओकली नावाची नेमबाज बाई मार्लिनची पॉइंट टू-टू वापरायची. १९२२ ला मॉडेल थर्टी-नाइन झालं, १९३९ ला थर्टी-नाइन-ए. चोवीस इंची नळी, तीन किलोच्या आसपास, ट्यूबमध्ये लाँग रायफल, म्हणजे पॉइंट टू-टूची नेहमीची लांब काडतुसं, एकोणीस बसतात. लहान हवी असेल तर हिचीच माउंटी नावाची, वीस इंची. पेटी पोलादाची, एकदम घट्ट. खोट एकच, जुनी घेताना ते दोन भाग हलतात का बघा, तो स्क्रू सैल राहिला असेल तर जोड खुळखुळतो. आता नवीन सहज मिळत नाही, मार्लिन कंपनी २०२० मध्ये रुगरनं घेतली.

विंचेस्टर नाइन्टी-फोर ट्वेंटी-टू. १९७२ ते २००५. ही पण एका स्क्रूवर दोन भागात होते, म्हणजे माझ्या परीक्षेत पास. दिसायला मोठ्या विंचेस्टर नाइन्टी-फोरसारखी, हातात फार गोड. कुणी म्हणालं मार्लिनपेक्षा ही चांगली, तर मी भांडणार नाही. फक्त मार्लिनचा स्क्रू नाण्यानं सैल करून बोटानं फिरवता येतो, आणि रानात खिशात काय असतं? नाणं.

ब्राउनिंग बीएल ट्वेंटी-टू. १९६९ ची, जपानात मिरोकूकडं बनते. हिचा दांडा फक्त तेहतीस अंश फिरतो, मनगट हललं की झालं, आणि ट्रिगर दांड्याबरोबरच खाली जातो म्हणून बोट चिमटत नाही. लहान हाताला, बायकांना, पोरांना सगळ्यात सोपी. कारागिरी बघून मी टोपी काढली, पण खोलायला किचकट. हिला पुल-थ्रूच, काका.

हेन्री. हेन्रीचं नाव घेतलेली ही कंपनी नवी आहे, १९९६ ला ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली. एच-झिरो-झिरो-वन, स्वस्त, दांडा लोण्यासारखा चालतो, नवशिक्याला हीच देतात तिकडं. वरचं कव्हर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतलेलं असतं, मी आयुष्यभर फाउंड्रीचे कास्टिंग तपासलेत, मला ते पटकन नजरेत येतं. चालायला काय कमी नाही, पण साफ करायला स्क्रू बरेच. म्हणून माझ्या यादीत चौथी, वाईट म्हणून नाही.

अजून दोन गोष्टी, ज्यांची पोरं तिकडं आहेत आणि सुट्टीत रेंजवर जातात त्यांच्यासाठी. ट्यूबच्या रायफलीत शेवटचं एक काडतूस ट्यूबमध्ये किंवा पाळण्यात लपून राहतं, रिकामी झाली असं वाटलं तरी दांडा तीन-चारदा पूर्ण चालवा, आणि मग बोट घालून बघा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. दुसरं, जुन्या रिमफायरचा रिकामा ट्रिगर दाबायचा नाही, आत केस नसली की पिन चेंबरच्या कडेवर आपटते, तिथं खड्डा पडतो, मग कड नीट चेपत नाही आणि बार फुसका जातो.

तर माझी आवडती मार्लिन थर्टी-नाइन-ए. परत येताना मी ती त्या म्हाताऱ्याकडनं घेतली नाही, आणता येणारच नव्हती. त्यानं मला ते पाव डॉलरचं नाणं दिलं, ते हे बघा, मॉडेलच्या या स्क्रूला हेच लागतं म्हणून खाच याच मापाची कापलीय.

टाळकरी वर आलेत, या या माउली, आत या. मंडळी, खुर्च्या भिंतीला लावा. ज्यांना मॉडेल चालवून बघायचंय त्यांनी जिन्यात या, मी तिथं धरून उभा राहतो, एकेकानं या, आणि पाळण्यापाशी बोट सांभाळा, स्प्रिंग जरा कडक बसलीय.